रंगाऱ्याला बोलावण्याआधी: आमच्या रुग्णालयाच्या विश्वस्तांना खुले पत्र

गिरगाव, मुंबई
२४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,

सप्रेम नमस्कार.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला पत्र मिळालं की कळेलच, आणि गिरगावातल्या जुन्या लोकांना तळमजल्यावरच्या हॉलचं वर्णन वाचून कळेल. इतरांनी आपल्या भागातलं एखादं जुनं धर्मादाय रुग्णालय डोळ्यांसमोर आणावं. नावानिशी बदनामी करायची मला इच्छा नाही. माझा जन्म तुमच्याकडचा, माझ्या मुलाचा तुमच्याकडचा, आणि आई गेली तीही तुमच्याच दुसऱ्या मजल्यावर. त्या रात्री जी सिस्टर तिचा हात धरून बसली होती, तिच्या संस्थेबद्दल वेडंवाकडं लिहायला माझी लेखणी चालणार नाही.

पण १४ ऑगस्टला दाराच्या काचेवर जी नोटीस लागली, ती वाचून गप्पही बसवत नाही. नोटीस चार ओळींची आहे. तळमजल्यावरील हॉलचे नूतनीकरण करण्यात येणार आहे. भिंतीवरील जुनी रंगरंगोटी काढून टाकण्यात येईल. स्वयंसेवक गटाने बाजूची खोली ५ सप्टेंबरपर्यंत रिकामी करावी. सहकार्याबद्दल आभार.

ती 'जुनी रंगरंगोटी' म्हणजे काय, हे आधी सांगते. मंडळातल्या बऱ्याच जणांनी ती नीट पाहिलेली नसणार. यात तुमचा दोष नाही, वीस वर्षं तिच्यासमोर लोखंडी कपाटं उभी होती.

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. मी नऊ वर्षांची होते. रात्री चाळीत बातमी पसरली की युद्ध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या काचांना काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्ध्यापर्यंत काळा रंग, आणि संध्याकाळी भोंगा वाजला की सगळी गॅलरी चिडीचूप. आम्हा पोरांना त्याची भीती कमी आणि मौज जास्त. तुमच्या हॉलमध्ये एरवी व्याख्यानं व्हायची, संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं. तो दोन दिवसांत रिकामा झाला आणि तिथे तीस खाटा लागल्या. शहरावर बॉम्ब पडले तर जखमींना जागा हवी म्हणून. माझी आई आणि आमच्या वाडीतल्या बायका दुपारी जेवणं उरकून तिथे जायच्या आणि गॉजचे तागे कापून पट्ट्या गुंडाळायच्या. घट्ट गुंडाळायची, पण पीळ पडू द्यायचा नाही. मला अजून जमतं.

आमच्या म्युनिसिपल शाळेचे ड्रॉइंगचे मास्तर तिथे आले आणि म्हणाले, मला सुई टोचता येत नाही, पट्टी बांधता येत नाही, पण भिंत द्या. मास्तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेले. अकरा रात्री त्यांनी काम केलं. ब्लॅकआऊट, त्यामुळे खिडक्या बंद आणि खाकी कागदात गुंडाळलेला एकच बल्ब. उत्तरेकडच्या भिंतीवर आठ चौकटी, ऑइल पेंटमध्ये. प्रत्येकीत प्रथमोपचाराची एकेक गोष्ट आणि खाली ठसठशीत देवनागरीत एकेक ओळ.

पाचव्या चौकटीतला पिवळा रंग अंगावर येतो, तो का, हे मला मोठेपणी, स्वतः चित्रकला शिकवायला लागल्यावर कळलं. पिवळ्या बल्बच्या उजेडात पिवळा रंग फिका दिसतो, म्हणून हात वाढवत जातो. सकाळी उन्हात पाहिलं तर मास्तरांनी कपाळावर हात मारला असणार. पण त्यांनी तो तसाच ठेवला. ब्लॅकआऊटचा याहून चांगला पुरावा मी तरी मुंबईत दुसरा पाहिलेला नाही.

चित्रांतली माणसं परकी नाहीत. रक्त थांबवायला जखमेवर तळहात दाबून धरणारी बाई नऊवारीतली आहे. तुटलेल्या हाताला त्रिकोणी पट्टीची झोळी बांधून घेणारा माणूस गिरणीतला आहे, खिशाला पास लावलेला. धुराने भरलेल्या जिन्यावरून ओणवं उतरणारा पोस्टमन आहे. दोघांनी हातांची खुर्ची करून नेलेली म्हातारी आमच्या शेजारच्या आजी, हे सगळ्या वाडीला माहीत होतं आणि आजींना त्याचा फार अभिमान होता. खालची ओळ: 'म्हाताऱ्या माणसाला आधी हाक मारा, मग हात लावा.' मी नागरी संरक्षणाची शिबिरं पुष्कळ केली, इतकी शहाणी सूचना कुठल्याही पुस्तिकेत वाचली नाही.

सातवी चौकट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिच्यात एक कोळीण आणि एक चष्मेवाला तरुण वाचनालयातली पुस्तकं आणि दप्तरं पत्र्याच्या ट्रंकेत भरताहेत. खाली लिहिलंय: 'आधी माणूस, मग कागद. पण कागद विसरू नका.'

१२ डिसेंबरला, रविवारी, त्याच हॉलमध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधून मास्तरांनी चित्रांची विक्री केली. त्यांची स्वतःची बाणगंगेची आणि चौपाटीची जलरंगातली चित्रं, आणि आम्हा मुलांची. पैसे गॉज, कापूस, टिंचरसाठी. आईने वहीत नोंद केली आहे: माझं नाव, इयत्ता चौथी, 'विमान', तीन रुपये. ते आमच्या दूधवाल्याने घेतलं होतं. विमान फारच वाईट होतं.

युद्ध १६ तारखेला संपलं. मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत, त्या तीस खाटांवर एकही जखमी झोपला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पट्ट्यांची खोकी पुढे कुठे पाठवली गेली हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी म्हणेल, मग एवढं कौतुक कशाला? अग्निशमन दळाचा बंब महिनाभर बाहेर पडला नाही म्हणून कोणी तो भंगारात काढत नाही, एवढंच माझं उत्तर. त्या पंधरवड्यात सुरू झालेला बायकांचा गट पुढे चालूच राहिला. बाजूच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रथमोपचाराचा वर्ग, रक्तदात्यांची यादी, पट्ट्यांचा साठा. आईनंतर मी आले. आज आम्ही वीस जण आहोत, त्यात सहा कॉलेजची मुलं.

आता तक्रारी.

पहिली, आणि मनाला सर्वांत लागलेली. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं. क्रॉस मैदानावर प्रात्यक्षिकं झाली, भोंगे वाजले, टीव्हीवर दिवसभर तेच. त्याच आठवड्यात तुमच्या ऑफिसातून मला फोन आला की तुमच्या बायकांना घेऊन या, प्रात्यक्षिक करा, फोटो काढायचे आहेत. आम्ही आलो. तुमच्याच एका अधिकाऱ्याच्या धडधाकट हाताला मी झोळी बांधली आणि ते चेहरा पाडून छान उभे राहिले. तो फोटो वार्षिक अहवालात आहे, रंगीत, अर्धं पान. आणि अहवाल छापून तीन महिने होत नाहीत तोच खोली रिकामी करा. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आजवर वैद्यांच्या बाजूने ऐकली होती. रुग्णालयाकडूनच तिचा प्रत्यय येईल असं वाटलं नव्हतं.

दुसरी. आईच्या आणि तिच्यानंतरच्या नऊ वह्या तुमच्या कपाटात होत्या. जुलैमध्ये कपाटं हलवली तेव्हा त्या रद्दीत गेल्या. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे मला दोन सापडल्या. सात लगद्यात गेल्या असाव्यात. त्या दोघींत काय आहे? १९७१ च्या रात्रपाळ्या, चित्रविक्रीचा हिशेब, आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या रात्री हॉलबाहेर रांगेत उभं राहून रक्त दिलेल्यांची चार पानं. नावं पाहिली तर सगळ्या जातीधर्मांची. त्या महिन्यात मुंबईत माणसं एकमेकांकडे कोणत्या नजरेने बघत होती ते आठवा, आणि मग ती पानं वाचा. मी रद्दीवाल्याला पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

या वह्या एकदा वाचल्या होत्या, म्हणून जास्त जीव तुटतो. २०११ च्या पावसाळ्यात वरच्या मजल्याची पाइप फुटली आणि कपाटाचा खालचा कप्पा भिजला. तेव्हा आमच्या गटातल्या एका निवृत्त सिस्टरांनी सूत्रं हातात घेतली. जखमींची वर्गवारी करतात तशी त्यांनी वह्यांची केली. शाईची अक्षरं असलेल्या आधी, छापील पावत्या नंतर, कोरी पानं शेवटी. पानांमध्ये घालायला कोणीतरी वर्तमानपत्रं आणली, तर मी ओरडले, छापील शाई ओल्या कागदावर उतरते. मग प्रेसमधून कोरा न्यूजप्रिंट आणला. दर दोन तासांनी कागद बदलायचे, पंखा थेट पानांवर सोडायचा नाही, चिकटलेली पानं ओढायची नाहीत. तीन दिवस, तीन रात्री. त्यानंतर खूप दिवसांनी मला कळलं की रोमच्या इक्रॉम या संस्थेचा असाच अभ्यासक्रम आहे आणि त्याच्या नावातही 'फर्स्ट एड' हेच शब्द आहेत, संकटकाळातल्या सांस्कृतिक वारशासाठी. सिस्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, त्यात नवल काय, दोन्हीकडे हात धुऊनच लागायचं.

तिसरी. हॉलचं काय होणार ते आम्हाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. आराखडा आम्ही कंत्राटदाराच्या माणसाकडून पाहिला. प्रतीक्षागृह आणि कॉफीचा काउंटर. डायलिसिसची दोन यंत्रं त्या जागी येणार असती, तर मी हे पत्र लिहिलं नसतं, निदान असं लिहिलं नसतं. पेशंटच्या नातेवाइकांना बसायला जागा हवीच. मी स्वतः जिन्यावर रात्री काढल्या आहेत. पण बाकं तीन भिंतींना लागून बसतात. चौथ्या भिंतीवर कॉफीचा फलकच हवा, असं थोडंच आहे?

चौथी तक्रार छोटी आहे, पण कायद्याची आहे. नव्या दर्शनी पाटीच्या नमुन्यावर भला मोठा लाल क्रॉस आहे. तो डॉक्टरांचा किंवा दवाखान्यांचा शिक्का नव्हे. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांना संरक्षण देणारं ते चिन्ह आहे, आणि जिनीव्हा करार अधिनियम, १९६० प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. उगाच कुठेही लावलं तर खऱ्या वेळी त्याची पत राहत नाही, म्हणून हा नियम. (मास्तरांनीही तिसऱ्या चौकटीत औषधाच्या पिशवीवर लाल क्रॉस काढला आहे. ते चुकलेच. पण त्यांनी तो पाटीवर टांगला नव्हता.)

आता तुम्ही म्हणाल, बाई भावनेच्या भरात लिहिताहेत, भिंत काही कुठल्या वारसा यादीत नाही. खरं आहे. १९९५ मध्ये मुंबईने देशात सर्वांत आधी वारसा नियमावली केली, २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या, आणि आमची भिंत कशातच नाही. मास्तरांनी तिच्यावर सहीसुद्धा केलेली नाही. म्हणून थोडा इतिहास सांगू द्या. लढाई, दवाखाना आणि वारसा यांची या शहरात वारंवार गाठ पडलेली आहे.

मुंबईचं पहिलं सरकारी वस्तुसंग्रहालय फोर्टातल्या एका बराकीत होतं. १८५७ साली उत्तरेत बंड पेटलं, सैनिकांसाठी बराक हवी झाली, आणि वस्तू घाईगर्दीने बाहेर काढताना संग्रहाची वाताहत झाली. मुंबईत लढाई नव्हतीच, फक्त जागा रिकामी करायची घाई होती. पुढे जॉर्ज बर्डवुड यांनी पुन्हा जमवाजमव केली आणि १८७२ मध्ये राणीच्या बागेत नवी इमारत लोकांसाठी उघडली, तेच आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.

पहिल्या महायुद्धात मात्र घाई न होता काम झालं. विटेट यांच्या आराखड्याची प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत १९१४ मध्ये उभी राहिली. वस्तू मांडायच्या आधीच युद्ध आलं, आणि त्या मोठ्या घुमटाखाली लष्करी रुग्णालय सुरू झालं. १९२० मध्ये इमारत संग्रहालयाच्या समितीकडे आली, १० जानेवारी १९२२ ला लोकांसाठी उघडली. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आपण शाळेच्या सहली नेतो, तिथे कधीकाळी जखमी शिपायांच्या खाटा होत्या. एकाच छपराखाली आधी माणूस, मग वस्तू. मास्तरांची सातवी चौकट ती हीच.

पुढच्या सोमवारी १ सप्टेंबर आहे. १९३८ साली याच तारखेला पाच डॉक्टर मुंबई बंदरातून 'राजपुताना' बोटीने चीनला निघाले. जपानशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला. काँग्रेसने आवाहन केलं, लोकांनी पैसे दिले. त्यांत नागपूरचे वयस्क डॉ. चोळकर होते आणि परळच्या जी. एस. मेडिकलमधून शिकलेले, सोलापूरचे, अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले. चीनमध्ये त्यांची समाधी आहे, पुतळे आहेत. तो खर्च कोणी केला? सरकारने नाही. सभांना आलेल्या माणसांनी, खिशातून काढून.

आणि १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला. आग लागली, दोन स्फोट झाले, अग्निशमन दळाचे ६६ जवान गेले. आई तेव्हा दहा वर्षांची. गिरगावात भांडी फळीवरून खाली आली, असं ती सांगायची, आणि चाळीतले पुरुष खाटा उलट्या करून, त्यांचे स्ट्रेचर करून मशीद बंदरच्या दिशेने धावले. १९७१ मध्ये ती एवढ्या तत्परतेने हॉलमध्ये का गेली, त्याचं मूळ मला त्या उलट्या खाटांत दिसतं.

कलावंतांनी यात काय करायचं, हा प्रश्नही जुना आहे. निकोलाय रोरिख हा रशियन चित्रकार कुलूजवळ नग्गरला राहायचा. (त्याच्या मुलाशी मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या देविका राणींनी लग्न केलं, तेवढं नातं आपल्या मुंबईशी.) रेड क्रॉस जसा जखमींसाठी, तसं एक चिन्ह संग्रहालयं, ग्रंथालयं, देवळं यांच्यासाठी असावं, यासाठी तो वर्षानुवर्षं झटला. पांढऱ्यावर लाल वर्तुळ आणि आत तीन लाल ठिपके. १५ एप्रिल १९३५ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका खंडातल्या २१ देशांनी त्याच्या करारावर सह्या केल्या. तरी पुढे काय झालं ते आपण जाणतो. दुसऱ्या महायुद्धात शहरंच्या शहरं बेचिराख झाली. त्यानंतर १९५४ चा हेग करार आला, निळ्या-पांढऱ्या ढालीचं चिन्ह आलं. भारत १९५८ पासून त्या करारात आहे. त्याचं तिसरं कलम मला पाठ आहे, कारण ते आमच्या वर्गात मी दर वर्षी सांगते: सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाची तयारी शांततेच्या काळातच करायची. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

ताजमहालावर दुसऱ्या महायुद्धात बांबूच्या परांच्या चढवल्या, १९७१ मध्ये तो कापडाने झाकला. युक्रेनच्या लव्हिव शहरात २०२२ च्या मार्चमध्ये लोकांनी चौकातले पुतळे अग्निरोधक कापडात गुंडाळले आणि कॅथेड्रलच्या रंगीत काचांवर धातूचे पत्रे ठोकले. ते फोटो मी मुलांना दाखवले तेव्हा एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे आपल्या पट्टीसारखंच बांधलंय, खालून वर. मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं.

म्हणून आमच्या वर्गात दोन वर्षांपासून आम्ही दोन्ही शिकवतो. अर्धा तास माणसाची पट्टी, अर्धा तास वस्तूची. फोटोफ्रेम कशी उतरवायची, मूर्ती उचलताना हाताला धरायचं नाही तर पायथ्याला, ओला ग्रंथ आडवाच न्यायचा. तुमच्या बाजूच्या खोलीत हे चालतं. ती खोली दहा बाय बाराची आहे.

भिंतीबद्दल एक तांत्रिक गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका संवर्धक बाईंनी ती फुकट पाहून दिली. चुन्याच्या गिलाव्यावर ऑइल पेंट आहे, खालून ओल चढते आहे, आणि खालचा तिसरा भाग पापुद्रे सोडतो आहे. वरचे दोन भाग ठणठणीत. त्यांचं म्हणणं, खरवडलं तर संपलंच. पण न खरवडता थेट पुट्टी आणि प्रायमर लावला, तरी नंतर चित्र परत मिळवणं जवळजवळ अशक्य. मात्र भिंतीपासून चार बोटं सोडून, मागे हवा खेळती राहील अशी वेगळी फ्रेम उभी केली, तर चित्राला धक्का न लावता पुढे हवं ते करता येईल. हा मार्ग मला आवडत नाही. झाकलेलं चित्र म्हणजे पुन्हा लोखंडी कपाटच. पण पुसण्यापेक्षा झाकलेलं बरं, एवढं खाली उतरायची माझी तयारी आहे.

आमच्या मागण्या अशा.

अनंत चतुर्दशी झाली की सोमवारी, ८ सप्टेंबरला, रंगारी येणार असं कळतं. उत्तरेकडच्या भिंतीपुरतं त्याला थांबवावं. बाकीच्या तीन भिंती रंगवायला आमची हरकत नाही. हव्या तर आम्ही घासून देऊ.

भिंतीची पाहणी पात्र संवर्धकाकडून करून घ्यावी. तिचे पूर्ण आकाराचे फोटो काढून ठेवावेत. खर्चाचा प्रश्न असेल, तर तो तुम्ही उचलावा असा आमचा आग्रह नाही. एकदा दोऱ्या बांधून चित्रं विकली होती, पुन्हा विकू. माझी मुलं आता विमानं माझ्यापेक्षा बरी काढतात.

उरलेल्या दोन वह्या माझ्याकडे आहेत. त्या संस्थेच्या आहेत हे मला मान्य आहे. स्कॅन करून, रक्तगट आणि आजारांचे तपशील झाकून, एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवायची लेखी हमी द्या, मी त्याच दिवशी आणून देते. त्याआधी नाही. आणि आणखी वह्या, फोटो, पावत्या कुठे असतील तर रद्दीत द्यायच्या आधी आम्हाला दाखवा.

खोली हीच हवी असं नाही. गच्चीवरची चालेल, जिन्याखालची चालेल. पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि एक कुलूपबंद कपाट, एवढं लेखी मिळावं. जबाबदारीचा आणि विम्याचा मुद्दा तुमच्या ऑफिसने तोंडी काढला आहे. त्याचे नियम कागदावर द्या, आम्ही पाळू.

पाटीवरचा लाल क्रॉस काढावा.

आणि एक सभा घ्यावी. बंद दाराआड नको. हॉलमध्येच, भिंतीसमोर. धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायची मला घाई नाही. आधी तुमच्याशी बोलून हे सुटावं असं मनापासून वाटतं.

रविवार, ७ सप्टेंबर. आदल्या रात्री चौपाटीवर विसर्जनाला आमची मुलं प्रथमोपचाराच्या टेबलावर असतील, दर वर्षीप्रमाणे पहाटेपर्यंत. त्यामुळे जरा उशिरा, सकाळी अकराला, आम्ही चटया आणि गॉजचे दोन तागे घेऊन येऊ. हॉल उघडा असला तर आत बसून पट्ट्या गुंडाळू, नसला तर बाहेरच्या पायऱ्यांवर. अध्यक्षसाहेब, तुम्हीही या. रीळ कसं धरायचं ते मी दाखवीन.

आपली,
तुमच्या हॉलमध्ये पट्टी गुंडाळायला शिकलेली एक निवृत्त चित्रकला शिक्षिका